रुमालाखालची चार बोटं

कळंब, २८ ऑक्टोबर १९५६

जेवताना मुरली म्हणाला, "अण्णा, दिवाळी झाली की मी बार्शीला जातो." धान्यबाजारात, मोंढ्यावर जाऊन येतो म्हणावं तितक्या सहज. बार्शीच्या शेठनी त्याला खरेदीदार म्हणून बोलावलंय. हिची भाकरी तव्यावरच राहिली, करपली. मी म्हणालो, "पाणी दे."

चोवीस वर्षांचा झाला. वडील गेले तेव्हा सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती त्याला. आम्हाला मूलबाळ नाही. भाऊ म्हणा, लेक म्हणा, एवढा एकच. वडिलांची आडत दोघांनी मिळून चालवायची असं मी धरून चाललो होतो. त्याला कधी विचारलं नव्हतं, हे आज कळलं.

पोटात कळ आहे. ओवा खाल्ला.

३० ऑक्टोबर

मोंढ्यात दुसरा विषय नाही. परवापासून आपण हैदराबादचे नाही, मुंबई राज्याचे. बार्शी आणि कळंब एका राज्यात. पेढे वाटायची वर्गणी काढली, मीही दिली.

कासमभाई दिवसभर माझ्याच ओट्यावर बसून होते. हा माणूस इथं धान्य घ्यायचा, येरमाळ्याच्या पुढं सरहद्दीच्या नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरायचा आणि बार्शीत विकायचा. नाका होता तोवर बार्शीचा भाव नाक्यापलीकडं अडकून राहायचा. इकडचा भाव वेगळा, तिकडचा वेगळा, आणि मधल्या जागेत कासमभाईंचं घर चालायचं. खोटं कशाला बोलू, त्यांच्या मागोमाग माझंही. नाका उठला, चौकीत आता शेरडं बसतात. राहिलेली सरहद्दही परवा जाते आहे.

"कायकू डरते अण्णा," म्हणाले. "अल्ला देगा." बोलताना त्यांची तपकीर मात्र सगळी मांडीवर सांडत होती.

मी भित्राच. रझाकारांच्या वेळी भ्यालो. निजामाचा हाली रुपया बंद झाला तेव्हा भ्यालो, महिनाभर अन्न गोड लागलं नाही. नाका उठला तेव्हा भ्यालो. तिन्ही वेळा जगलो वाचलो. पण त्या तिन्ही वेळा मुरली घरात होता.

१ नोव्हेंबर

शाळेपुढं सभा. झेंडा, पताका, लेझीम. सोलापूरहून कुणी पाव्हणे आले होते, बोलले मात्र सुरेख. म्हणाले, आजवर बांध होता, तो फुटला. आता तिकडचा माणूस आणि इकडचा माणूस सारखा होईल, दोन डबकी जोडली की पाणी जसं एका पातळीला येतं तसं. टाळ्या झाल्या. मु. पुढं उभा राहून वाजवत होता.

कासमभाई उठले. "पानी बराबर होताच है साहब. मगर पहले किधर का उतरता, वो बोलो ना." लोक हसले. पाव्हणेही हसले, आणि भाषण पुढं सुरू झालं.

मला हसू आलं नाही. घरी येताना तेच डोक्यात.

२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

तराजूची पूजा केली, मापांची केली, वडिलांच्या रुमालाची केली. रुमाल म्हणजे मांजरपाटाचा जाड पंचा, पिवळट पडलाय. तो नसला तर आमचा धंदा नाही. शेतकऱ्याची रास पुढं, माझ्या हातावर रुमाल. एकेक खरेदीदार येतो, रुमालाखाली हात घालतो, माझी जितकी बोटं धरील तितके रुपये तीन मणांच्या पल्ल्यामागं मूळ भावाच्या वर. तोंडानं कुणी बोलायचं नाही. सगळे हात झाले की मी सांगायचं, माल अमक्याचा, भाव अमका. ह्याला हत्ता म्हणतात. पंचवीस वर्षं करतोय, चेहरा न बघता हात ओळखतो. कासमभाईंची तर्जनी वाकडी. मारवाड्याचा तळवा कायम गार.

मु.ला नवव्या वर्षी मीच शिकवलं, पावसाळ्यात मोंढा सुना असताना. त्याची एक खोड होती. तीन बोटं धरायची तर करंगळीही मुठीत यायची. लहान मूठ, घाबरलेली. मी मनगटावर चापट मारायचो. "करंगळी सोड. एक रुपया गेला." आज पूजेला बसलेला बघून तेच आठवत होतं. धूप डोळ्यात गेला म्हणून उठलो.

ही म्हणाली, "अडवा की त्याला." मी म्हणालो, मोठा झालाय. खरं म्हणजे अडवलं आणि तरी गेला तर? म्हणून अडवलं नाही.

१२ नोव्हेंबर

गेला. सकाळची मोटार. हिनं शिदोरीत एवढं दिलं की त्याला दोन पिशव्या झाल्या.

ओट्यावर त्याची गादी तशीच घातली. गिऱ्हाईक बसलं तर बसू दे म्हणून. कुणी बसलं नाही.

२५ नोव्हेंबर

मु. आला, एक दिवस. हातात घड्याळ. बार्शीचं सांगताना थांबत नव्हता. घराघरात वीज, गिरणीचा भोंगा, भाव तारेनं येतात. "अण्णा, तिथं हमालाला इथल्या दीडपट मिळतं." निवृत्ती हमाल तेव्हा तिथंच पोती रचत होता. मी डोळ्यांनी खूण केली, गप. मु.ला खूण कळली नाही. पूर्वी कळायची.

२९ नोव्हेंबर

निवृत्ती आला, टोपी हातात. "अण्णा, म्या बी जाऊन बगतो म्हन्तो. लेकरं हायती." जा म्हणालो, दुसरं काय. बाकीच्या हमालांना थोडं वाढवून दिलं, न मागता. भीतीनं दिलं, ते घेणाऱ्यांनाही कळलं असेल. पण संध्याकाळी ते वडाखाली भजी खाताना दिसले. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

९ डिसेंबर

बार्शीची लॉरी सरळ खळ्यावर गेली, येरमाळ्याच्या शिवारात. उडीद तिथूनच उचलला. तराजू त्यांचा, माणसं त्यांची. मोंढ्यात गाड्या कमी. दुपारी मोटार आली की ड्रायव्हर हॉटेलात चहा पितो आणि बार्शीचा आजचा भाव फुकट सांगतो. आधी ही गोष्ट कळायला मला दोन माणसं आणि एक घोडं लागायचं.

येळवस (मार्गशीर्ष अमावस्या), संध्याकाळी

सटवाजीच्या शेतात पूजेला गेलो, दर सालाप्रमाणं. येरमाळ्याजवळचा शेतकरी, वडिलांच्या वेळेपासून माल आमच्याच ओट्यावर. कडब्याची खोप, पाच दगडांचे पांडव, जेवायला उंडे, भज्जी, आंबील. ही तिथल्या बायकांत रमली.

सटवाजीनं आंबिलीचा लोटा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "अण्णा, राग नगा मानू. एक इचारू का? नाका व्हता तवा बार्शीचा भाव तुमाला ठाव असायचा का?"

म्हणालो, असायचा कधीमधी. पण करोडगिरी, वाहतूक, हमाली, सगळं वजा जाता उरायचं काय?

"व्हय व्हय. तसं न्हाय म्हनत म्या." मग हरभऱ्याचा एक डहाळा उपटून माझ्यापुढं ठेवला. "पोरीला यंदा कळंबच्या साळंत घालतो. लॉरीला घातल्याल्या उडदाचं जरा बरं आलं. तूर मातुर तुमच्याच वट्यावर आनतो. लॉरीवाल्याची वळख न्हाय, पाळख न्हाय."

त्याचं चांगलं होतंय त्यात वाईट वाटायचं काय, पण वाटलं. हातातला उंडा खाली ठेवला. हिला म्हणालो, ऊन लागलं.

१४ जानेवारी १९५७, संक्रांत

मु.चा निरोप. येत्या बाजारी तो शेठचा खरेदीदार म्हणून कळंबला येतोय. माझ्याच ओट्यावर, रुमालाखाली, समोरून.

ही खूश. तिळाच्या वड्या डब्यात वेगळ्या काढल्या. मला मात्र नको ते दिसायला लागलं. परक्याचा पैसा, पहिली खरेदी, आणि ती करंगळी.

२० जानेवारी

काय करून बसलो.

नीट लिहितो. सटवाजीची तूर, रास चांगली, टपोरी. मारवाड्यानं दोन बोटं धरली. कासमभाईंनी दोन. शेवटी मु. आला. कोट, टोपी. "राम राम अण्णा" म्हणाला, चारचौघांत म्हणतात तसं. रुमालाखाली हात आला. हात मऊ झालाय. त्यानं तीन बोटं धरली आणि चौथी करंगळी. चार.

चार कसे असतील? दोनाच्या वर कुणी नाही, बार्शी फार तर एखादा रुपया पुढं. हे तीनच आहेत, चौथं ती जुनी खोड. मी करंगळी हळूच सोडवून घ्यायला बघितली. त्यानं आणखी घट्ट धरली. घाबरलाय म्हणालो मनात. पहिल्याच दिवशी शेठचं नुकसान करील, हाकलतील, नाव जाईल. रुमाल काढला आणि मोठ्यानं सांगितलं, "माल बार्शीवाल्यांचा. भाव तीन वर."

मु. माझ्याकडं बघतच राहिला. हत्त्यात आडत्याचा शब्द शेवटचा, त्यावर बोलायची रीत नाही. ती रीतही मीच शिकवलेली. सटवाजीनं मान डोलावली. माल तोलला, पोती भरली, लॉरी गेली. मी मनात म्हणत होतो, वाचवला पोराला.

संध्याकाळी हॉटेलात ड्रायव्हर सांगत होता. तुरीचा भाव कालच चढलाय. बार्शीत साडेचार वर चाललीय.

चारच होते. बोट बरोबर होतं.

२१ जानेवारी

मु. रात्री घरी आलाच नाही, कासमभाईंकडं झोपला. सकाळी दारात उभा राहून बोलला, आत आला नाही.

"अण्णा, माझं बोट बरोबर होतं."

म्हणालो, मला वाटलं तुझी जुनी...

"मी नऊ वर्षांचा नाही आता. तुम्हाला मी अजून तेवढाच दिसतो." मग म्हणाला, "मोंढ्यात काय बोलतात ठाऊक आहे? भाऊभाऊ रुमालाखाली एक झाले म्हणतात. सटवाजीला दोघांनी मिळून बुडवला."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. उंबऱ्यावर बसलो. त्याची वहिनी वड्यांचा डबा घेऊन बाहेर आली तोवर तो कोपऱ्यावर गेला होता.

२३ जानेवारी

बाहेर पडलो नाही. ओटा बंद. ताप आला असं सांगायला लावलं.

२४ जानेवारी

ही म्हणाली, "किती दिवस ताप ठेवणार? सटवाजीकडं जा आधी. मग भावाचं बघू."

गेलो. बैलगाडीत सगळा रस्ता वाक्यं जुळवली, तिथं एकही आठवलं नाही. त्याचा राहिलेला फरक पुढं ठेवला आणि जसं घडलं तसं सांगितलं. करंगळीसकट.

सटवाजीनं पैसे घेतले. कनवटीला लावून म्हणाला, "म्या इस्वास ठिवला असता, अण्णा. तुमी सांगताव ते खरंच असंल. पर त्या फडक्याखाली काय झालं ह्ये मला दिसत न्हाय न्हवं? आजवर कदी दिसलंच न्हाय." त्याची पोर पाटीवर बाराखडी काढत होती. तिनं मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि परत गिरवायला लागली.

रागावला असता तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

कासमभाईंकडून कळलं. शेठनी मु.ची पाठ थोपटली. तूर चार द्यायची तयारी होती, तीनला आणली, शाबास. भाऊ आपला आहे तर तिथूनच घेत जा म्हणाले. मु.नं खरं सांगून बघितलं, शेठ हसले. धंद्यात असं कुणी सांगतं का म्हणाले.

म्हणजे तिकडं तो चोर म्हणून हुशार ठरला, इकडं चोर म्हणून चोर. दोन्ही माझ्या मायेमुळं.

कासमभाईंनी खरेदी सोडली. भुसाराचं छोटं दुकान टाकतात. "अब मैं भी बराबर हो गया," म्हणाले. हसत म्हणाले, पण मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. वाकडी तर्जनी तपकिरीच्या डबीवर नुसती फिरत होती.

३ मार्च

मोंढ्यात बैठक. गुढीपाडव्यापासून हत्ता बंद, उघडा लिलाव. भाव तोंडानं, सगळ्यांच्या कानावर. बार्शीचा भाव रोज फळ्यावर खडूनं लिहायचा. कुणी विरोध केला नाही. दोघंतिघं बोलताना माझ्याकडं बघत नव्हते, त्यावरून विषय कुठून निघाला ते कळलं.

आडत राहील का? भाव फळ्यावर, लॉरी खळ्यावर. मग मी कशाला? हा प्रश्न घेऊन घरी आलो. आडत गेली तर जाऊ दे, असंही एकदा मनात आलं. ती गेली म्हणून मुरलीही परका होऊन गेला तर, ही खरी भीती. तिला ओवा लागू पडत नाही.

१७ मार्च

मु. दोन बाजार आला नाही. शेठचा दुसरा माणूस आला, हात ओला, चिकट. घड्याळाकडं बघत बोटं धरतो.

ही येरमाळ्याच्या देवीला नवस बोलली. काय बोलली सांगत नाही.

३० मार्च

शेवटचा हत्ता. परवापासून रुमाल नाही.

सटवाजी ज्वारी घेऊन आला. येईल असं वाटलं नव्हतं. गाडी सोडली, रास ओतली आणि चारचौघांत म्हणाला, "शेवटचंच हाय तर फडक्याखाली व्हऊ द्या. पर जेवडी बोटं येतील तेवडी सांगा, अण्णा. कुनाची बी असू द्या."

आणि मु. आला होता. मोटारीतून उतरून लांब उभा होता. सगळ्यांचे हात झाले तरी जागचा हलेना. मी रुमाल काढला नाही, हात तसाच धरून बसलो. माणसं कुजबुजायला लागली. मी मान खाली घातली, हात तसाच पुढं.

मग त्याचा हात आला. दोन बोटं धरली, नीट. माझी करंगळी मोकळी सोडलेली, मुद्दाम मला कळेल अशी. थोडा थांबला आणि गेला. मी रुमाल काढून सांगितलं, "बार्शीवाल्यांचे दोन. मारवाड्यांचे तीन. माल मारवाड्यांचा." मु.ची बोली सगळ्यांपुढं हरली. सटवाजीनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "झ्याक," म्हणाला.

मु. जेवायला घरी आला. ही वाढताना रडत होती आणि रडत नाही असं सांगत होती. जेवण होईपर्यंत कुणी मोंढ्याचं नाव काढलं नाही. हात धुताना म्हणाला, "अण्णा, शेठ कळंबला गाळा घेतात. आपल्या ओट्यासमोरचा. मी बसणार तिथं."

बरं म्हणालो.

"तुम्ही पण या. आडतीत आता काय राहणार? दोघं बसू."

त्याच्या दुकानात मी. शेठच्या दुकानात आम्ही दोघं. सभेतलं ते पाणी आठवलं. बांध फुटला, आणि माझा ओटा तर खालच्या अंगालाच होता. बार्शीला सामान आणायला तो सकाळच्या मोटारीनं जाणार. तोवर सांगा म्हणाला.

बाहेरच्या खोलीत जाताजाता दारात वळला. "बाबांचा रुमाल तुम्हाला आता लागणार नाही. मी नेऊ?"

वाटणी मागणारा घर मागतो, ओटा मागतो. हा पंचा मागतो. आठवण म्हणून मागतो, की ह्या घरातून न्यायची ही पहिली वस्तू? म्हणालो, मळलाय, धुवून देतो.

हिनं लगेच धुतला. मार्चचं ऊन, तासाभरात वाळला. मी घडी करून मु.च्या पिशवीत ठेवला. परत काढला. आता रात्री लिहिताना पुढ्यात आहे. हिनं दोनदा विचारलं, काय सांगायचं ठरवलं. बाहेरच्या खोलीत मु. जागा आहे, घड्याळाला किल्ली देतोय, आवाज येतोय.